‘माय फादर आर’ : एका चुकीचा इतिहास

आठवीच्या वर्गास ‘माझे वडील’ या विषयावर इंग्रजीतून दहा ओळी लिहावयास सांगितल्या होत्या. एका मुलाची पहिलीच ओळ होती, ‘माय फादर आर फार्मर.’ मी शिरस्त्याप्रमाणे तांबड्या शाईने ‘आर’ खोडून ‘इज’ केले व ‘फार्मर’च्या आधी ‘अ’ घातला. पुढच्या निबंधात ‘अ’ जागेवर आला, पण ‘आर’ कायम! मी रागावलो तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, “सर, अब्बा के लिए ‘इज’ कैसे लिखूँ?”

त्याच्या हिशेबी ‘इज’ म्हणजे ‘है’ आणि ‘आर’ म्हणजे ‘हैं’. बापाला अरेतुरे करण्यास त्याची लेखणी धजत नव्हती. मराठी शाळेतला मुलगाही ‘बाबा आला’ म्हणत नाही, ‘बाबा आले’ म्हणतो. चूक इंग्रजीची खरी, पण ती अडाणीपणातून नव्हे, घरच्या संस्कारातून आलेली.

इंग्रजी आपल्याकडे आली तीच मुळी दरबारी भाषा म्हणून. 1835 साली मेकॉलेच्या टिपणानंतर कंपनी सरकारने इंग्रजी शिक्षणास पाठबळ दिले. वऱ्हाड त्या वेळी निजामाकडे होता. 1853 च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि मग आपले वाशीमही. 1882 मध्ये नेमलेल्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन देण्याची शिफारस केली. जी भाषा नोकरी देते, तिच्यातील चूक म्हणजे जणू गुन्हा, ही समजूत तेव्हापासून आपल्या मनात घर करून बसली आहे. पुढे महाराष्ट्रात पाचवीपासूनची इंग्रजी 2000 साली पहिलीपासून सुरू झाली. तांबडी शाई मात्र तीच राहिली.

पालकांनी मुलांच्या वह्या जरा वेगळ्या नजरेने पाहाव्यात. उर्दू शाळेतले मूल उजवीकडून डावीकडे लिहावयास शिकते, मराठी व इंग्रजी डावीकडून उजवीकडे. उर्दूत जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाहीत, वाचणारा ते मनाने भरतो. म्हणून ते मूल इंग्रजी शब्दातले स्वरही गाळून बसते. मराठी मुलाचे उलट. देवनागरीत बोलावे तसे बरेचसे लिहिता येते, त्यामुळे तो ‘व्हॉट’मधला न ऐकू येणारा ‘एच’ खुशाल सोडून देतो. ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ करणारा ‘एस’च्या आधी ‘आय’ लिहितो. मोठे अक्षर ना उर्दूत, ना मराठीत. मग वाक्यारंभी ते विसरले तर नवल काय? ‘अ’ आणि ‘द’ यांचेही तसेच.

1967 साली पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने एका लेखात नजरचूक आणि चूक यांत फरक केला. नजरचूक थकव्याने, घाईने होते. पण पुन्हा पुन्हा त्याच रीतीने होणारी चूक दाखवते, की मुलाने मनाशी काही नियम बांधला आहे. आमच्या मुलाचा ‘आर’ या दुसऱ्या जातीचा. त्याला नियम माहीत नव्हता असे नाही, त्याचा नियम वेगळा होता.

आणि गंमत अशी की हा नियम इंग्रजांनाही परका नव्हता. पूर्वी त्यांच्यात एका माणसाला ‘दाऊ’ म्हणत, ‘यू’ हे अनेकवचन. थोरामोठ्यांना आदराने ‘यू’ म्हणता म्हणता ते सर्वांनाच लागू झाले, आणि म्हणून आजही एकट्या माणसाला ‘यू आर’ म्हणतात. सतराव्या शतकात क्वेकर पंथाचे लोक लहानथोर सर्वांना ‘दाऊ’च म्हणत, त्यापायी त्यांनी मारही खाल्ला. आपल्याकडे कोणी कलेक्टरसाहेबांना ‘तू’ म्हटले तर काय होईल, याची कल्पना करावी!

हे सारे मी वर्गात सांगितले. त्या मुलाने लगेच विचारले, “मग इंग्रज आपल्या वडिलांना ‘आर’ म्हणत होते का?” म्हटले, “नाही, ‘आर’ फक्त समोरच्या ‘यू’पुरता, वडिलांविषयी बोलताना ‘इज’च.” तो थोडा हिरमुसला. पुढच्या वहीत पहिली ओळ अशी होती: ‘माय रिस्पेक्टेड फादर इज अ फार्मर.’ त्या ओळीवर मी तांबडी शाई टेकवली नाही.