आधी तहान, मग गळ

पावसाळ्यात ग्वाल्हेरची वर्तमानपत्रं एक आकडा नेमाने छापतात, तिघरा धरणाच्या पाण्याची पातळी. 740 फूट झालं की धरण भरलं. आकडा 738, 739 वर आला की शहराच्या लष्कर भागातल्या घराघरांत एकच चौकशी सुरू होते, दरवाजे कधी उघडणार? आणि उघडले की शहर तेवीस-एक किलोमीटरवरच्या धरणाकडे धावतं. भुट्टे खायचे, तुषारांत भिजायचं, फोटो काढायचे. ज्याला गर्दी सोसत नाही तो एरवीच्या दिवसांत येतो आणि काठाला कुठेतरी गळ सोडून बसतो. हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की धरण मौजेसाठीच बांधलं असावं असं वाटतं. तसं ते मुळीच नाही. ग्वाल्हेर दरबाराने मौजेचं पाणी वेगळं राखलं होतं.

तिघरा ज्या नदीवर आहे ती सांक. तिच्या पाण्याची ओढ या शहराला धरणाच्या फार आधीपासून. राजा मानसिंह तोमर (राज्यकाळ 1486 ते 1516) राई गावच्या गुजर मुलीवर, मृगनयनीवर, भाळला. तिने लग्नाला अट घातली की माझ्या गावच्या नदीचं पाणी महालात आलं पाहिजे. राजाने नळ टाकून ते आणलं, अशी कथा. किल्ल्याच्या पायथ्याशी तिच्यासाठी बांधलेला गुजरी महाल आज पुराणवस्तू संग्रहालय म्हणून उभा आहे. कथेतलं खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं. पण एका राणीच्या हट्टाची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट विसाव्या शतकात अख्ख्या शहराची गरज झाली, एवढं खरं.

शिंद्यांच्या काळात पाण्याजवळ रमणं हा राजवाड्याचा मामला होता. मोती महालाजवळचा बैजाताल बायजाबाई शिंद्यांच्या नावाचा. तळ्याच्या मधोमध रंगमंच, भोवती श्रोते, असा तिथला थाट. अशा तळ्यात मासा असला तरी तो पाहायचा, पकडायचा नाही.

सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडहून निघालेल्या या घराण्यात माधवराव शिंदे (1876–1925) यंत्रांचे विलक्षण शौकीन निघाले. त्यांच्या पंगतीत टेबलावरून चांदीची आगगाडी फिरायची, ती आजही जयविलास राजवाड्यात दाखवतात. त्यांच्याच कारकिर्दीत 1916 साली तिघरा उभा राहिला. दगड-चुन्याचा बांध, उंची 24 मीटर, लांबी 1,341 मीटर, आणि उद्देश एकच, शहराला पाणी. या धरणाचं पुण्याशी एक नातं आहे. पुढे 'सर' झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी आपोआप उघडमीट करणारे दरवाजे तयार केले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढलं की दरवाजे उघडायचे, उतरलं की मिटायचे. मूळ भिंतीची उंची न वाढवता जास्त पाणी साठवायचं, अशी ही युक्ती. 1903 मध्ये ते पहिल्यांदा पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर बसले आणि त्याच पद्धतीचे पुढे तिघऱ्यावर. रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाणारा पुणेकर आणि तिघऱ्यावर भुट्टा खाणारा ग्वाल्हेरकर, दोघेही विश्वेश्वरय्यांच्या उरलेल्या पाण्यावर मौज करतात असं म्हटलं तर फार बिघडणार नाही.

नातं दुर्दैवाचंही आहे. पानशेत धरण फुटल्यावर 12 जुलै 1961 ला खडकवासलाही गेलं, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. तिघरा त्याच्या कितीतरी आधी, 19 ऑगस्ट 1917 च्या दुपारी फुटला. बांधून जेमतेम वर्ष झालेलं. पुराचं पाणी चारशे मीटर लांबीवर बांधाच्या माथ्यावरून वाहू लागलं. माथ्यावर पाऊण मीटरहून अधिक पाणी होतं. खालचा पाया थराथरांच्या वालुकाश्माचा, त्यात पाणी मुरून तो सैल झालेला. बांधाचे दोन मोठे तुकडे चिरडले नाहीत की विरघळले नाहीत, जागचे सरकून वाहून गेले. नदीकाठच्या गावांवर काय ओढवलं याची कल्पनाच केलेली बरी. धरण पुन्हा उभं राहायला 1929 उजाडलं. आज पातळीचा आकडा इतक्या कौतुकाने वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

धरण फुटलं त्याच्या पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, दरबाराने शिवपुरीला मनियर नदी अडवून दुसरा तलाव केला, सख्यासागर. सख्याराजे म्हणजे माधवरावांच्या मातोश्री. शिवपुरी ही संस्थानाची उन्हाळी राजधानी, भोवती वाघांचं रान. तलावाच्या काठी नौकाविहाराचा क्लब, वर टेकडीवर पंचम जॉर्जच्या 1911 च्या दौऱ्यासाठी बांधलेली कोठी. राजेसाहेब तिथे राहिलेच नाहीत, वाटेतच वाघ मिळाला म्हणे. इथे शिडाच्या होड्या आणि पाहुण्यांचे शिकारीचे बेत. संस्थानी हिशेबात खरा खेळ वाघाचा. गळ टाकून बसणं हे साहेबी अधिकाऱ्यांचं वेड, किंवा मग पोटासाठी जाळं टाकणाऱ्या ढीमर-केवटांचं काम.

आता दोन्ही पाण्यांची अदलाबदल झाली आहे. सख्यासागर माधव राष्ट्रीय उद्यानात गेला. 2022 मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, मार्च 2025 मध्ये उद्यान व्याघ्र प्रकल्प झालं. मगरी ऐटीत ऊन खातात, माणसाने तिकीट काढून ठरल्या वेळात यायचं, मासेमारीचं नाव काढायचं नाही. मौजेसाठी केलेला तलाव असा सोवळ्यात गेला, आणि तहानेसाठी बांधलेल्या तिघऱ्यावर शहर हात-पाय पसरून बसलं. पर्यटन खात्याने तिथे बोट क्लबही काढला.

राहिले मासे. धरणाने नदी अडवली तसे नदीचे मासेही अडले. कटला, रोहू, मृगळ हे आपले मोठे कार्प मासे साचल्या पाण्यात वाढतात, पण वीण घालायला त्यांना वाहता पूर लागतो. म्हणून एके काळी गंगेसारख्या नद्यांतून त्यांची बारीक पिल्लं गोळा करून मातीच्या हंड्यांतून आगगाडीने देशभर पाठवत. वाटेत हंडीतलं पाणी हलवत राहायचं, नाहीतर माल मेलाच. ही कटकट संपवली हिरालाल चौधुरी यांनी. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुळला त्यांनी कार्पच्या माद्यांना पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात वीण घालायला लावली. आज देशातल्या बहुतेक धरणांत सोडलं जाणारं मत्स्यबीज या युक्तीची देणगी आहे.

गळवाल्याला हा इतिहास ठाऊक नसतो, पण मासा कुठल्या थरात चरतो हे पक्कं ठाऊक असतं. कटला वरवर तोंड मारतो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाचा गाळ उकरतो. त्याप्रमाणे तो बोया दोऱ्यावर खाली-वर सरकवतो. आमिष म्हणजे कणीक, त्यात मोहरीच्या पेंडीचा भुगा आणि भाजलेल्या मेथीची पूड. गोळी घट्ट झाली तर मासा थुंकतो, सैल झाली तर गळाला लागण्याआधीच विरघळते. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, आणि ते सख्ख्या भावालाही सांगायचं नाही.

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद, विणीचा हंगाम म्हणून. म्हणजे जाळी सुकत टांगलेली असतात नेमकी तेव्हाच बघ्यांची गर्दी धरणावर फुलू लागते. एका अर्थी सोय झाली, दोघांची तोंडं एकमेकांना फारशी दिसत नाहीत.

खरा तंटा निराळा आहे. तिघऱ्याचं पाणी मोतीझीलच्या केंद्रात शुद्ध होऊन नळाला येतं, आणि त्याच पाण्यावर इंजिनाच्या बोटी. भोपाळच्या मोठ्या तलावावर हाच प्रश्न निघाला. तिथलं पाणीही शहर पितं. 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथली क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितलं. मला विचाराल तर तिघऱ्यालाही वल्ह्यांच्या होड्या आणि गळ एवढंच पुरे. डिझेल प्यायला कुणाला हौस आहे? पण पातळी घसरली की ककेटो आणि पेहसारी धरणांतून इथे पाणी आणावं लागतं, एवढी शहराची भूक वाढली आहे, आणि आता चंबळचं पाणी थेट ग्वाल्हेरला आणायची योजना हाती घेतली आहे. ते आलं की तिघऱ्याच्या मानेवरचं जू हलकं होईल, आणि मग बोटीवाले तलाव पूर्ण आमच्या ताब्यात द्या म्हणून पुढे येतील. त्या वेळी सांकच्या पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, हे भांडण मृगनयनीच्या अटीपेक्षा अवघड जाणार.