केसरबाईंची एक भैरवी व तिचा स्वीकार

संस्थानकालीन कोल्हापूरच्या संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ध्वनिमुद्रिकांचे साहाय्य फारसे लाभत नाही. शाहू छत्रपतींच्या दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. १९२२ मध्ये महाराज निवर्तल्यावर खाँसाहेब मुंबईस गेले. त्यांच्या गायकीचा मागोवा शिष्यांच्या तबकड्यांवरूनच घ्यावा लागतो. त्यांत गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी विशेष विचारार्ह होय.

तिची लांबी अवघी साडेतीन मिनिटे. अनवट रागांची विलंबित लयीत सावकाश उकल करणाऱ्या या घराण्यास एवढा अवकाश अपुराच. त्यातून भैरवी हा मैफलीच्या समारोपाचा राग.

१९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील मुद्रिकेसाठी संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली. तोवर ती इतकी दुर्मिळ झाली होती की, न्यूयॉर्कच्या एका दुकानात ती महत्प्रयासाने हाती लागली. ऑगस्ट-सप्टेंबरात याने सुटली. १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या.

तेव्हापासून या भैरवीस घराण्याची प्रातिनिधिक मुद्रिका मानण्याकडे कल दिसतो. आम्हांस तो ग्राह्य वाटत नाही. ती निवड एका असामान्य आवाजाची झाली, आणि ती यथार्थच होती. परंतु अल्लादियाखाँची रागविस्ताराची पद्धती या भैरवीवरून ठरविणे सयुक्तिक नव्हे. त्यासाठी बाईंच्याच नटकामोद व कुकुभ बिलावल यांच्या मुद्रिकांकडे वळावे. त्याही तोकड्याच, पण रागाची बांधणी तेथे स्पष्ट ऐकू येते.