लुबोंबो हिवताप नियंत्रण उपक्रम

लुबोंबो हिवताप नियंत्रण उपक्रम हा दक्षिण आफ्रिका, स्वाझीलँड (२०१८ पासून इस्वातिनी) आणि मोझांबिक या देशांनी १९९९ साली संयुक्तपणे हाती घेतलेला आरोग्य कार्यक्रम होय. लुबोंबो पर्वतरांगेच्या परिसरात पर्यटन, शेती व गुंतवणूक वाढावी यासाठी तिन्ही देशांनी आखलेल्या विकास योजनेचा तो एक भाग होता. हिवताप (मलेरिया) आटोक्यात आणणे ही पर्यटनवाढीची पूर्वअट ठरल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

या प्रदेशात क्वाझुलू-नाताल प्रांताचा ईशान्य भाग, स्वाझीलँडचा पूर्व भाग आणि मोझांबिकचा मापुटो प्रांत येतो. सोडवाना बे येथील प्रवाळ, कोसी बे येथील सरोवरे आणि सेंट लुशिया पाणथळ क्षेत्र (आताचे इसिमांगालिसो, १९९९ पासून जागतिक वारसा स्थळ) यांमुळे येथे निवासगृहे व सफारी व्यवसायाला मोठा वाव होता, परंतु तापाच्या भीतीने प्रवासी कचरत. पिलानेसबर्ग व मडिक्वे ही अभयारण्ये ‘हिवतापमुक्त’ अशी जाहिरात करीत असल्याने ही उणीव अधिकच जाणवे.

दक्षिण आफ्रिकेने १९९६ साली घरांतील फवारणीसाठी डीडीटीऐवजी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके स्वीकारली. या औषधांना न जुमानणारा ‘ॲनोफिलीस फ्युनेस्टस’ हा डास त्यानंतर परतला आणि २००० साली एकट्या क्वाझुलू-नातालमध्ये ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्याच वर्षी डीडीटी पुन्हा वापरात आले. २००१ मध्ये त्या प्रांतात आर्टेमेथर-लुमेफँट्रिन हे संयुक्त औषध उपचारासाठी लागू करण्यात आले.

कार्यपद्धती

घरांच्या आतील भिंतींवर कीटकनाशक फवारणे हा उपक्रमाचा कणा होता. पर्यटक गोळ्या घेऊन व मच्छरदाणीत झोपून स्वतःपुरता बचाव करू शकतो. निवासगृहातील स्वयंपाकी, वाटाडे व सफाई कामगार मात्र रात्री आपल्या गावी परततात. त्यामुळे केवळ निवासगृहात औषध मारून भागण्यासारखे नव्हते. शिवाय डासांना सीमा नसते, म्हणून मोझांबिकच्या बाजूला २००० पासून टप्प्याटप्प्याने फवारणी सुरू झाली. मातीच्या भिंतींवर डीडीटीचे पांढरे डाग उरत. रहिवासी नव्याने लिंपण करीत व औषध झाकले जाई, ही अडचण किरकोळ वाटली तरी खरी होती.

खर्चाचा भार मुख्यतः सरकारे, मापुटोजवळील मोझाल हा ॲल्युमिनियम प्रकल्प आणि २००३ पासून ग्लोबल फंड यांनी उचलला. पर्यटन व्यवसायाचे महत्त्व पैशापेक्षा युक्तिवादात अधिक होते: रोजगाराची आशा दाखवूनच या कामाला राजकीय पाठबळ मिळाले.

परिणाम

क्वाझुलू-नातालमधील रुग्णसंख्या दोनच वर्षांत काही हजारांवर आली. सीमेपलीकडेही मोठी घट झाली. नियंत्रणाचा पर्यटक व व्यावसायिकांच्या समजुतींवर काय परिणाम झाला, हे पाहण्यासाठी १९९९-२००० आणि २००२-०३ या हंगामांची तुलनाही करण्यात आली. कारण रोग हटला तरी तो हटल्याचे प्रवाशाला ठाऊक नसेल, तर खोल्या रिकाम्याच राहतात.

२०११ मध्ये ग्लोबल फंडचे साहाय्य संपल्यावर उपक्रम थांबला आणि दक्षिण मोझांबिकमध्ये हिवताप पुन्हा वाढला. २०१५ साली याच तीन देशांनी ‘मोसास्वा’ या नावाने सहकार्य पुन्हा सुरू केले. नँडोज या उपाहारगृह साखळीच्या सहसंस्थापकाच्या पुढाकारातून उभी राहिलेली ‘गुडबाय मलेरिया’ ही संस्थाही मोझांबिकमधील फवारणीस साहाय्य करते.