भोंग्याच्या हाकेला : मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रिया व मुले

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. गिरणगावच्या इतिहासाचा आरंभ सर्वत्र असाच सांगितला जातो, आणि तो योग्यही आहे. तथापि, त्या इतिहासात गिरण्या उभारणाऱ्यांची नावे जितक्या सहज आढळतात, तितक्या सहज सुताच्या लडी करणाऱ्या बाईची किंवा चात्यांवरील भरलेल्या बाबिणी उतरवून रिकाम्या चढविणाऱ्या पोराची आठवण निघत नाही. वस्तुतः कामगारविषयक कायद्यांचा जन्म या दोघांच्या निमित्ताने झाला.

आरंभीच्या काळात गिरणीचा दिवस सूर्यावर मोजला जाई. उजाडले की काम सुरू, मावळले की बंद. त्यामुळे हिवाळ्यात दिवस आखूड, तर उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांपर्यंत लांब. सूत तुटू नये म्हणून खात्यांत हवा दमट ठेवीत. कापसाचे तंतू श्वासाबरोबर छातीत जात. स्त्रिया प्रामुख्याने लडी करण्याच्या आणि सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत. त्यांची मजुरी बहुधा कामाच्या मापावर ठरे. नोकरी मात्र नायकिणीच्या मर्जीवर टिके.

१८७५ साली मुंबईत चौकशी मंडळ नेमले गेले. १८७८ साली सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्याचा मसुदा पुढे आणला आणि १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, एवढीच त्याची मजल होती. स्त्रियांच्या तासांविषयी त्यात अक्षरही नव्हते. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास राबावे, याला त्या काळी दया म्हणत!

या कायद्यामागे निव्वळ करुणा नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. लँकेशायरच्या गिरणीमालकांना मुंबईची स्पर्धा जाचू लागली होती. म्हणूनच आपल्याकडील अनेक देशाभिमानी पत्रांनी अशा कायद्यांना विरोध केला. विलायती मालक स्वार्थापोटी मजुरांचा कैवार घेत होते, तर देशी पुढारी उद्योगाच्या काळजीपोटी मजुरांच्या दुःखाकडे काणाडोळा करीत होते. दोघांच्या या वादात प्रत्यक्ष मजुराला कोणी विचारीत नव्हते.

ते काम नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. महात्मा फुले यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यातील मागण्या आज किती साध्या वाटतात! १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

१८९१ च्या कायद्याने मुलांच्या कामाचे किमान वय नऊ झाले. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तास, तर स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. परंतु गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताचा आधारही गेला. पुढे १९२२ च्या कायद्याने किमान वय बारा केले.

कायद्याच्या घड्याळाला घर मात्र दिसत नव्हते. तान्हे मूल चाळीत ठेवून गिरणीत जाणाऱ्या कित्येक माता त्याला अफूमिश्रित 'बाळगोळी' देत. तो निष्ठुरपणा नव्हता, निरुपाय होता. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, या भूमिकेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला आणि प्रसूतीच्या आगेमागे दिवसाला आठ आणे मिळण्याची सोय झाली.

पण याच ठिकाणी इतिहासाने वेगळे वळण घेतले. स्त्रियांना रात्रपाळीची बंदी, प्रसूतीच्या साहाय्याचा भार आणि सूत गुंडाळण्याची नवी वेगवान यंत्रे, ही सारी कारणे जमून आली. एके काळी गिरण्यांतील सुमारे पंचमांश असलेल्या स्त्रिया हळूहळू घटत गेल्या. जे कायदे त्यांच्या रक्षणासाठी झाले, तेच त्यांना न नेमण्याचे निमित्त ठरले. १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत त्या अगदी थोड्या उरल्या होत्या. मात्र गिरणगाव त्यांच्यावाचून चालले नाही. एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खाणावळी स्त्रियांच्याच होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापून या स्त्रियांना संघटित केले.

पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे परप्रांतात राहणाऱ्या आपणांस निराळे सांगावयास नको. कोकणातील आणि घाटावरील कित्येक घरांच्या चुली गिरणगावातून येणाऱ्या मनीऑर्डरींवर पेटल्या. आपण आज रविवारी निवांतपणे एकत्र जमतो. त्या रविवारामागे महालक्ष्मीच्या मैदानावर बोलण्यास उभ्या राहिलेल्या दोन कामकरी स्त्रियांचेही ऋण आहे. दुबळ्यांसाठी नियम करताना त्यांचे म्हणणे आधी ऐकावे, हा त्यांच्या इतिहासाचा बोध आहे. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या आणि हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या पोराच्या बाबतीत तो आपण कितपत पाळतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.