गंजिफेची पेटी

गंजिफांविषयी जे काही लिहिले जाते त्यात पानांवरील चित्रांचे वर्णन विस्ताराने येते. ज्या लहानशा लाकडी पेटीत ती पाने राहिली तिच्या वाट्याला एखाददुसरे वाक्य येते. ही उपेक्षा मला अनाठायी वाटते.

बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हुसेन याजकडे गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबरकालीन बारा रंगांच्या, १४४ पानांच्या डावाची माहिती ‘ऐने अकबरी’त मिळते. पुढे रूढ झालेला मोगली डाव ९६ पानांचा. आपल्याकडील दशावतारी डावात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंतची पाने, अशी एकूण १२० पाने असतात. पेटीचे माप ठरते ते या संख्येने.

पाने गोल, पण पेटी काटकोनी. प्रथमदर्शनी हे विसंगत वाटेल. परंतु एवढी पाने एकाच चळतीत रचली तर ती कोसळावयाचीच. चळती शेजारी शेजारी ठेवावयाच्या तर लांबट पेटीच सोयीची. शिवाय चौकोनात गोल वस्तू ठेवली की कोपऱ्यांत जागा उरते. तेथे बोट घालून पाने अलगद उचलता येतात. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप व लाखेचा हात देऊन केलेले पान कडेलाच आधी दुखावते. तेव्हा ही रिकामी जागा वाया गेली असे कोणी म्हणू नये.

झाकणाचेही तसेच. ते बिजागरीवर उघडत नाही, खाचेतून सरकते. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ फुगत नाही. खाचेत किंचित सैल बसविलेल्या फळीला ही वाढ सोसते. ती घट्ट बसविली तर आषाढात पेटी उघडणार नाही. लोखंडाचा तुकडाही न लागणे हा खाऱ्या हवेच्या मुलखात लहान लाभ नव्हे.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी खेळणी, पाट यांबरोबर ही विद्या सांभाळली. विसाव्या शतकाच्या मध्यास ती लोपण्याच्या बेतात होती. १९७०च्या सुमारास शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसविले. तेथे पानांबरोबर रंगविलेल्या पेट्याही तयार होऊ लागल्या. पेटीवाचून डाव पुरा होत नाही, हे त्या कारागिरांना कोणी सांगावे लागले नसावे.

संग्रहालयांत मात्र पाने सुटी करून चौकटीत लावतात. चित्र म्हणून ती शोभतात, हे खरे. पण डाव किती खेळला गेला हे चित्र सांगत नाही. ते पाहावयाचे तर खाचेची झीज आणि झाकणावर अंगठा टेकतो तेथील उडालेला रंग पाहावा. गोवा, बेळगाव, सावंतवाडी या टापूतील ज्या घरांतून जुने डाव अद्याप आहेत, त्यांची नोंद घेताना पेटीची लांबी, रुंदी, उंची आणि ही झीजही टिपून ठेवावी.