मिटलेल्या पुस्तकाचा मागोवा

पुस्तकात बोट घालून ते मिटायचं, मान जराशी वर करायची, नजर भिंतीवर कुठेतरी टेकवायची आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं. अडलं की बोटाच्या आधाराने पान उघडायचं, पटकन एक नजर टाकायची आणि पुन्हा मिटायचं. परीक्षेच्या दिवसांत गच्चीवर, जिन्यात, देवळाच्या ओट्यावर अशा येरझाऱ्या घालणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. वाचलेलं डोक्यात राहावं म्हणून माणसाने आजवर जे जे करून पाहिलं, त्यात पुस्तक मिटण्याची ही साधी क्रिया मला सर्वांत मोलाची वाटते. तिचा माग काढत गेलं की आपण पुस्तकाच्याही आधीच्या काळात जाऊन पोचतो.

तेव्हा मिटायला पुस्तकच नव्हतं. वेदपाठशाळेत आजही संथा देतात ती जुन्याच रीतीने. गुरुजी एकदा म्हणणार, शिष्य दोनदा म्हणणार; मग आवर्तनं. पण ज्यांना ही नुसती पोपटपंची वाटते त्यांनी पाठांचे प्रकार नीट ऐकावेत. मंत्र सलग म्हटला की ती संहिता. संधी सोडवून एकेक शब्द सुटा म्हटला की तो पदपाठ. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याने केला असं परंपरा मानते, आणि संधी सोडवायचा तर शब्द कुठे संपतो हे कळावंच लागतं. म्हणजे पाठांतराच्या पोटात व्याकरण होतं. पुढे क्रमपाठ: एक-दोन, दोन-तीन, तीन-चार. आणि घनपाठ तर असा: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, मग दुसऱ्या शब्दापासून पुन्हा तेच. उलटसुलट म्हणताना जीभ आपोआप वाहत जात नाही. प्रत्येक शब्द पुढच्या आणि मागच्या शब्दाशी हाताने गाठ मारल्यासारखा बांधावा लागतो.

तरीही या परंपरेतली मोठी उणीव त्याच परंपरेतल्या माणसाला दिसली होती. वेद पाठ करून ज्याला अर्थ कळत नाही तो ओझं वाहणारा खांब, असं निरुक्तात यास्काने स्पष्ट सांगून ठेवलं आहे. इतकं सांगूनही आपल्याकडे वैदिक वेगळा आणि शास्त्री वेगळा अशी वाटणी झालीच. एकाकडे पाठ राहिला, दुसऱ्याकडे अर्थ. आणि स्त्रिया व शूद्र मानलेल्या सगळ्यांना तर या दाराच्या बाहेरच ठेवलं गेलं, हे विसरून या स्मरणशक्तीचं कौतुक करणं मला जमत नाही.

या दाराबाहेरही एक वेगळं स्मरण उभं राहिलं. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या गावोगाव हिंडून, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्या तोंडून. पुढे परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, तेव्हा महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा बांधली. त्यांची परंपरा या कामात हिराइसा या एकपाठी बाईंचं नाव घेते. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आज आपल्या हातात आहे तो लोकांनी तो मनात जपून ठेवला होता म्हणून. आज त्याचे वेगवेगळे पाठ मिळतात हाही त्या आठवणीचाच माग आहे. स्मरण नक्कल करत नाही, ते पुन्हा घडवतं.

जुनी मराठी पोथी कधी जवळून पाहिली आहे का? शब्दांमधे जागा सोडलेली नसते. अक्षरांची सलग माळ. डोळे नुसते फिरवून ती वाचताच येत नाही. मोठ्याने म्हणत, अर्थ लावत, शब्द तोडत पुढे जावं लागतं. कडेला कोरा समास. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासलेली, पिवळी. रामदासांना तर लेखन कसं करावं, अक्षर कसं वळणदार असावं, यासाठी दासबोधात एक अख्खा समास खर्च करावासा वाटला. इतक्या कष्टाने लिहिलेली वस्तू एकदा वाचून बाजूला ठेवण्यासाठी नसतेच. तिचं पारायण होतं. कीर्तनकाराकडे मात्र याहून वेगळी वस्तू असायची, ती म्हणजे बाड. हाताने शिवलेल्या वहीत अभंग, आर्या, श्लोक, दृष्टान्त आपल्या उपयोगापुरते उतरून घेतलेले. बुवा उभे राहायचे ते बाड घरी ठेवून. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि समोर बसलेल्या आयाबायांना ते कळलं पाहिजे. वाचलेलं दुसऱ्याला समजेल असं सांगायचं, तेही पुस्तक हातात न घेता! समज आणि स्मरण या दोन्हींची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

घराघरांत हीच गोष्ट लहान रूपात होती. दिवेलागणीला परवचा. शुभंकरोती झालं की हात जोडून पाढे, पंतोजींच्या काळात तर पावकी, निमकी, दिडकी, औटकीसुद्धा. परवचा म्हणताना पाटी समोर नसायची. उजळणी हा शब्दही पाहा: भांडं उजळावं तसं शिकलेलं उजळायचं, कारण ते काळवंडतं हे गृहीतच आहे.

माझ्या आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मी सातवीत होते. लायब्ररीतून आणलेली पुस्तकं मी तिला वाचून दाखवायला बसले की ती थांबवायची. ‘वाचू नकोस गं, तू आगगाडीसारखी पळतेस. ते ठेव खाली आणि सांग मला.’ ‘श्यामची आई’ मी तिला असंच एकेक रात्र करून सांगितलं. सांगायला लागलं की मधेच लक्षात यायचं, अरे, हा माणूस इथे कुठून आला? आधी काय झालं होतं? आजी थांबायची. मी पान उघडून बघायचे. आणि मग तिचा ठरलेला प्रश्न: ‘बरं, पण ती असं का वागली असेल?’ तेव्हा वाचलेलं मला आजही आठवतं, आणि गेल्या वर्षी वाचलेल्या कितीतरी पुस्तकांची नुसती मुखपृष्ठं डोळ्यांसमोर येतात.

मग हे सगळं सुटलं कसं? छापखाना आला, पुस्तक स्वस्त झालं, हवं तेव्हा उघडता येऊ लागलं. ही तर आनंदाचीच गोष्ट होती. पण 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ सुरू झालं आणि शिक्षणाच्या टोकाला लेखी परीक्षा आली. हळूहळू पाठांतर परीक्षेच्या दावणीला बांधलं गेलं. गाइडातली उत्तरं पाठ, पेपर झाला की साफ. या घोकंपट्टीचा वीट येणं रास्तच होतं. मात्र पाखडताना कोंड्याबरोबर दाणेही उडाले. पुस्तक मिटून आठवणं हेच मागासलेपण ठरलं, आणि समजून घेणं म्हणजे पुन्हापुन्हा वाचणं, रेघा मारणं, अशी समजूत रूढ झाली.

ज्या वर्षांत हे इथे घडत होतं, त्याच सुमारास बर्लिनमध्ये हेर्मान एबिंगहाउस नावाचा तरुण एकटाच बसून स्वतःच्या विसराळूपणाचं मोजमाप घेत होता. दोन व्यंजनांमधे एक स्वर घालून त्याने सुमारे 2300 निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या माळा घड्याळाच्या टिकटिकीवर पाठ केल्या, आणि काही काळाने तीच माळ पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते नोंदवलं. 1885 मध्ये ते छापून आलं. वीस मिनिटांनी 58 टक्के बचत, तासाभराने 44, एका दिवसाने 34च्या आसपास, महिन्याने 21. विसरणं पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त होऊन जातं. नंतर ते सावकाश होतं. दिवेलागणीच्या परवच्याची वेळ का शहाणपणाची होती, हे या आकड्यांवरून कळतं. त्याच्या आणखी दोन नोंदी मला फार आवडतात. एका बैठकीत 68 वेळा घोकून जे साधत होतं, ते तीन दिवसांत वाटून 38 वेळांतच साधलं. आणि बायरनच्या कवितेची कडवी पाठ करायला त्याला तेवढ्याच लांबीच्या निरर्थक माळेच्या जेमतेम एकदशांश श्रम पडले. यास्काचा खांब इथे पुन्हा भेटतो: अर्थ असला की ओझं हलकं होतं.

पुस्तक मिटण्याची गोष्ट मात्र एबिंगहाउसने थेट तपासली नव्हती. फ्रान्सिस बेकनने 1620 मध्येच लिहून ठेवलं होतं की मजकूर वीसदा वाचण्यापेक्षा दहादा वाचून मधेमधे आठवून म्हणावा आणि अडलं तरच पुस्तकात पाहावं. म्हणजे आपली ती बोट घालायची खूणच! ती मोजली आर्थर गेट्स यांनी, 1917 मध्ये, शाळकरी मुलांवर. निम्म्याहून अधिक वेळ आठवून म्हणण्यात घालवणारी मुलं नुसत्या वाचणाऱ्यांच्या पुढे गेली. 1939 मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सहावीच्या 3605 मुलांना भुईमूग आणि बांबूवरचे लेख वाचायला दिले. वाचल्याबरोबर ज्यांची चाचणी झाली त्यांच्या लक्षात कित्येक आठवड्यांनंतरही जास्त राहिलं. चाचणी मोजण्यासाठी असते असं आपण धरून चालतो. इथे तीच शिकवत होती. 1946 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी पाच पायऱ्यांची वाचनपद्धत मांडली: आधी चाळा, प्रश्न काढा, वाचा, मिटून सांगा, पुन्हा फिरून या. एसक्यूथ्रीआर या नावाने ती जगभर गेली. चौथी पायरी म्हणजे आजीचं ‘ठेव खाली आणि सांग’.

मला सर्वांत हलवून गेला तो 2006 चा प्रयोग, रोडिगर आणि कार्पिकी यांचा. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने चित्र उलटं, 42 विरुद्ध 56. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख आपण समज म्हणून खिशात घालतो. पुढे 2013 मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा रीती तपासल्या. पुनर्वाचन आणि रेघा मारणं कमी उपयोगाचं ठरलं, स्वतःची चाचणी घेणं आणि उजळणी दिवसांत वाटून करणं सर्वांत वर आलं.

पण रेघेवर सरसकट हरताळ फासायला माझं मन घेत नाही. डॉ. आंबेडकरांच्या संग्रहातली पुस्तकं मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत, आणि त्यांत त्यांनी पेन्सिलीने ओढलेल्या रेघा, समासातल्या खुणा दिसतात. त्यांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांचे विचार 1936 च्या ‘जातिप्रथेचं विध्वंसन’मध्ये येतात ते गुरूचं नाव घेऊन, पण न्यूयॉर्कच्या वर्गातले विचार म्हणून येत नाहीत. ते जातीसमोर उभे केलेले असतात. रेघ ही तिथे परत येण्याची वाट होती. वाचलेल्याशी त्यांनी वाद घातला, ते आपल्या प्रश्नाला जुंपलं. रेघ मारून जो परत येत नाही त्याच्या हाती नुसतं रंगवलेलं पान उरतं.

मी स्वतः आता पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर प्रकरण संपलं की न पाहता चार ओळी लिहिते. बहुतेक वेळा दुसऱ्या ओळीलाच हात थांबतो. मधलं काहीतरी निसटलेलं असतं आणि नेमकं तेच महत्त्वाचं असतं. मग मागे जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार ओळी.

परवा भाची इतिहासाचा धडा फोनवर वाचत बसली होती. फोनमध्ये बोट घालायला जागा नाही. बराच वेळ ती पडदा वरखाली सरकवत राहिली. मग तिने फोन गादीवर पालथा घातला, मान वर केली, नजर पंख्याकडे लावली, आणि तिचे ओठ हलायला लागले.