मनगटाची वेदना आणि शस्त्रवैद्य

भंडारा म्हटलें कीं पितळेचीं भांडीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्यांच्या जोडीला आंधळगांव-मोहाडीकडील कोशाचें विणकाम आणि घरोघर चालणारा विड्यांचा धंदा. ठोकणें, विणणें, वळणें, या सर्वांचा भार अखेर मनगटावर पडतो. विडीची मजुरी तर हजारामागें मिळते. मनगट थांबलें कीं चूलही थांबते. म्हणून जुनाट मनगटदुखीवरील शस्त्रक्रियेचा इतिहास या जिल्ह्याला परका वाटूं नये.

सांध्यांतील कूर्चा झिजली म्हणजे प्रत्येक हालचालीबरोबर कळ उठते. औषध व विश्रांति यांनीं भागलें नाहीं तर शस्त्रवैद्य मनगटाच्या अस्थि एकमेकींस सांधून सांधा कायमचा अचल करीत. वेदना शमे, पण हाताची लवचीकता जाई. कारागिराला हा सौदा महागच.

दुसरा मार्ग शरीररचनाशास्त्रानें दाखविला. १८५७ मध्यें रूडिंगर या जर्मन पंडितानें सांध्यांकडे जाणाऱ्या ज्ञानतंतूंचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें लंडनचे जॉन हिल्टन यांनीं १८६० ते १८६२ मधील व्याख्यानांत सांगितलें कीं, सांधा हालविणाऱ्या स्नायूंना जे तंतु पोहोंचतात, त्यांच्याच शाखा त्या सांध्यालाही जातात. या ज्ञानाचा मनगटासाठीं पद्धतशीर उपयोग होण्यास शंभर वर्षें लागलीं. १९६६ मध्यें जर्मनींतील आल्ब्रेख्ट विल्हेल्म यांनीं वेदना वाहणाऱ्या बारीक शाखा तेवढ्या छेदण्याची रीत मांडली. १९९८ मध्यें अमेरिकेंतील रिचर्ड बर्जर यांनीं मनगटाच्या पाठीवरील एकाच छेदांतून दोन मुख्य तंतु कापण्याची सुटसुटीत पद्धति दिली.

यांतील मर्म असें. मनगटाच्या पाठीमागील तंतु स्नायूंच्या शाखा वरच देऊन येतो व त्वचेस शाखा देत नाहीं. त्यामुळें तेथें तो छेदल्यानें हात लुळा पडत नाहीं कीं बधिर होत नाहीं. आधीं सुईनें तो तंतु तात्पुरता बधिर करून पाहतात. कळ थांबली तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. मात्र झीज यानें थांबत नाहीं, आणि कांहींचें दुखणें पुन्हां उद्भवतें.

वेदनेची वाट तोडतांना एवढी सावधगिरी कां, हें विदर्भाला शिकविण्याची गरज नाहीं. येथें कुष्ठरोगानें बधिर झालेले हात पिढ्यान्‌पिढ्या दिसले. १९३६ मध्यें वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनीं त्यांच्या सेवेचें कार्य आरंभिलें. वेल्लोरच्या पॉल ब्रँड यांनीं पुढें दाखवून दिलें कीं, असे हात झिजतात ते बव्हंशीं वेदना हा पहारेकरी गेल्यामुळें. पहारेकऱ्याला हांकलून द्यावयाचें नाहीं, त्याची व्यर्थ ओरड तेवढी थांबवावयाची, हाच या शस्त्रक्रियेचा विवेक होय.